झाकणाआडचे बारा दिवस

मधमाशीच्या पोळ्यातलं नराचं बंद घर सुरीच्या टोकानं उकलावं आणि आतला कोष चिमट्यात धरून हलकेच ओढावा. अंदाज बरोबर असेल तर तो सबंध बाहेर येतो. पांढराशुभ्र, पाय पोटाशी दुमडलेले, डोळ्यांत नुकता गुलाबी रंग भरू लागलेला. या वयात त्याला वारा लागला तरी दुखेल असं वाटावं इतका तो कोवळा असतो. आणि त्या पांढऱ्या पोटावर एक लालसर तपकिरी ठिपका दिसतो, नाचणीच्या दाण्याएवढा. दाणाच म्हणावा, तर तो चालू लागतो.

हा वरोआ नावाचा माइट. वांग्यामिरचीवर पडणारा लाल कोळी आणि कुत्र्याच्या कानामागे फुगून बसणारी गोचीड यांच्या भावकीतला, आठ पायांचा. अंग खेकड्यासारखं आडवं: लांबी एक मिलिमीटरहून जराशी जास्त, रुंदी दीड मिलिमीटरच्या वर. आकडा क्षुल्लक वाटेल. पण माशीच्या अंगाशी त्याचं प्रमाण धरलं तर माणसाच्या पाठीवर वीतभर रुंदीची गोचीड बसावी तसा हा प्रकार आहे. नाव पडलं मार्कस टेरेन्टियस वारो या रोमन पंडितावरून. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात त्यानं शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात मधमाश्यांची घरं षटकोनी का असतात याचीही चर्चा केली. त्या षटकोनाच्या आत शिरून बसणाऱ्या परोपजीवीला आपलं नाव मिळेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

वरोआबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. जगभरच्या मधपाळांची झोप तिनं उडवली आहे, तिच्यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत. मला मात्र एकच गोष्ट उलगडून पाहायची आहे. पोळ्यातल्या घरावरचं मेणाचं झाकण किती दिवस बंद असतं, ही ती गोष्ट. वरोआचं शरीर, तिच्या अंड्यांचा क्रम, तिच्या लेकरांचे संबंध, ती जिथे तग धरते आणि जिथे मरते ते सगळं या एका मुदतीला बांधलेलं आहे.

मुदत अशी. राणी घरात अंडं घालते. तीन दिवसांनी अळी निघते. साधारण सहा दिवस दाई माशा तिला भरवतात, आणि मग कामकरी माशा घराच्या तोंडावर मेणाचं झाकण बसवतात. मधपाळ याला बंद पिलावा म्हणतात. झाकणाआड अळीचा कोष होतो, कोषाची माशी होते, आणि ती झाकण कुरतडून बाहेर येते. कामकरी माशीचं घर असं सुमारे बारा दिवस बंद असतं, नराचं चौदा-साडेचौदा दिवस.

पोळ्यासारखी टेहळणी दुसरीकडे क्वचितच असेल. दारावर पहारा, आत सतत झाडलोट, प्रत्येक उघड्या घरात दिवसातून कितीदा तरी डोकं घालून पाहणं. पण झाकण पडलं की आत डोकावणं संपलं. आतमध्ये चौतीस-पस्तीस अंशांची ऊब, चोवीस तास, माशा स्वतः राबून टिकवतात ती. शिवाय पळू न शकणारं, मऊ सालीचं, रसरशीत भक्ष्य. अख्ख्या पोळ्यात एवढी सुखरूप जागा दुसरी नाही. अडचण एकच, की दार बाहेरून बंद होतं आणि ठरल्या दिवशी आतून उघडतं, आणि या दोन्ही गोष्टी वरोआच्या हाती नाहीत. दार बंद होण्याआधी आत शिरायचं आणि उघडण्याच्या आत संसार पुरा करायचा.

आधी शिरण्याचं पाहू. वरोआची मादी बाहेर असते तेव्हा ती प्रौढ माशीच्या पोटाखालच्या खवल्यांच्या फटीत चपटी होऊन बसते. कुठलीही माशी चालते असं नाही. दाई माशी तिला अधिक पसंत, कारण दाई घरोघर फिरते. पिलाव्याला भरवणारी दाई आपल्या अंगावर बसवून तिला दारोदार नेते आणि कुठल्या घरात उतरायचं ते वरोआ ठरवते, वासावरून. झाकण पडायच्या वयाची अळी अंगातून काही विशिष्ट तेलकट द्रव्यं सोडते. अळीनं दायांना दिलेला तो निरोप असतो, की आता झाकण घाला. वरोआ तो निरोप चोरून ऐकते. कामकरी अळीच्या घरात ती झाकण पडण्याच्या पंधरा-वीस तास आधी उतरते, नराच्या घरात चाळीस-पन्नास तास आधीपासून. म्हणजे नराच्या घराचं दार तिला दुपटीहून जास्त वेळ उघडं सापडतं.

आत उतरल्यावर ती काय करते ते मला तिच्या सगळ्या चरित्रात सर्वांत विलक्षण वाटतं. दाया अजून येत-जात असतात, दिसली तर धडगत नाही. म्हणून ती अळी आणि भिंत यांच्यामधून सरकत थेट तळाला जाते आणि अळीसाठी ठेवलेल्या पातळ अन्नात बुडून पडून राहते. अगदी निश्चल. श्वासासाठी तिच्या अंगाला बारीक नळ्या आहेत, पाणबुड्याच्या नळीसारख्या त्या वर धरून. झाकण पडतं. पुढच्या काही तासांत अळी तळाशी उरलेलं अन्न चाटूनपुसून संपवते, आणि चिखलात रुतलेली ही बया मोकळी होते. तिला सोडवते ती अळीच.

इथून घड्याळ सुरू. मोकळी झाल्याबरोबर ती अळीला तोंड लावते, आणि त्याच सुमारास तिच्या पोटात अंडं धरायला लागतं. अंडं ती आधीपासून तयार ठेवत नाही. कोवळ्या अळीचा वास आणि पहिला घास मिळाल्याशिवाय ते काम सुरूच होत नाही. झाकण पडल्यापासून साधारण सत्तर तासांनी ती पहिलं अंडं घालते. ते फळलेलं नसतं. त्यातून निघतो मुलगा. पुढची अंडी दर तीस तासांनी एक, ती फळलेली, त्या सगळ्या मुली.

बापाविना मुलगा होणं ही रीत मधमाशीचीही. नर माशी बिनफळलेल्या अंड्यातूनच जन्मते. तेव्हा नराच्या एका घरात बिनबापाचा माशीपुत्र आणि त्याच्या अंगावर वाढणारा बिनबापाचा माइटपुत्र असे दोघे एकत्र नांदत असतात. माशीच्या नराच्या पेशीत 16 गुणसूत्रं, वरोआच्या नराच्या पेशीत 7.

पण पहिला मुलगाच का? हिशेब मांडून पाहा. कामकरी माशीचं घर बंद बारा दिवस, म्हणजे 288 तास. अंड्यापासून वयात यायला मुलाला सुमारे साडेसहा दिवस लागतात, मुलीला पावणेसहा. तासांत धरू: मुलाला 158, मुलीला 139. पहिलं अंडं 70व्या तासाला, म्हणजे मुलगा तयार झाला 228व्या तासाला. दुसरं अंडं 100व्या तासाला, त्यातली थोरली मुलगी तयार 239व्या तासाला. म्हणजे थोरली वयात येते तेव्हा तिचा भाऊ काही तासांपूर्वीच वयात येऊन उभा असतो. मधली मुलगी 269ला. धाकटी 299ला. आणि दार उघडतं 288ला.

जिवंत प्राण्याचं घड्याळ एवढं काटेकोर नसतं, हे सगळे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण चौकट हीच. मुलगा मागून आला तर थोरली तयार होऊन दोन दिवस नुसती ताटकळेल, आणि दार जरा लवकर उघडलं तर सगळ्या मुली न फळताच बाहेर पडतील. बाहेर नर नाही. वरोआचा नर घर सोडून कधीच जात नाही. तो फिकट पिवळसर, मऊ सालीचा, बहिणींहून कितीतरी लहान. त्याच्या तोंडाच्या चिमट्यांचं रूपांतर शुक्राणू पोचवण्याच्या नळीत झालेलं. त्याचा जन्म आणि मरण त्याच षटकोनात होतं. तेव्हा बहिणींना फळवणार तो त्यांचा सख्खा भाऊ, आणि तोही याच घरात, याच मुदतीत.

माणसाच्या नात्यांच्या चौकटीतून पाहिलं तर अंगावर काटा येतो. त्या चौकटीतून पाहू नये. सख्ख्या भावंडांच्या संबंधातून दुबळी संतती होते असं आपण शिकलो, पण ज्या जातीत नराच्या अंगात गुणसूत्रांचा एकच संच असतो तिथे वाईट गुण झाकून राहायला जागाच नसते. तो त्या नरातच उघडा पडतो आणि त्याच्याबरोबर संपतो. पिढ्यान्‌पिढ्या असं चाळलं गेल्यावर भावाबहिणीच्या संबंधानं बिघडण्यासारखं फारसं उरत नाही. आणि एकाच घरात दोन-तीन माद्या शिरल्या असतील तर सरमिसळही होते.

आता घराच्या आतला संसार बघा. कोष घराला इतका भरून उरतो की फिरायला जागा फटीफटींतूनच. आणि आत काळोख. एवढ्याशा जागेत आई दोन ठिकाणं पक्की करते, एक पाणवठा आणि एक उकिरडा. कोषाच्या सालीला ती एकच भोक पाडते, बहुधा पोटाच्या पुढच्या भागाजवळ, आणि ते बुजू देत नाही. तिच्या लाळेत जखम भरू न देणारी द्रव्यं असतात. लेकरांच्या तोंडाला साल फोडण्याइतका कडकपणा नसतो, त्यांचं सारं पोषण आईनं उघडलेल्या या एका भोकातून. एकापेक्षा जास्त भोकं पाडली तर कोष मरेल, आणि कोष मेला तर सगळंच मेलं. म्हणून आईला हात राखून खावं लागतं.

उकिरडा घराच्या भिंतीवर. आई तिथे पांढरी विष्ठा टाकत जाते आणि तिचा एक खवला तयार होतो. जाणता मधपाळ पिलाव्याची फ्रेम उलटी धरून उजेडाकडे करतो आणि रिकाम्या घरांच्या भिंतीवर हे पांढरे ठिपके आहेत का ते बघतो. मुली वयात आल्या की या उकिरड्याशी येतात, भाऊ तिथेच असतो. काळोखात एकमेकांना शोधण्यात वेळ घालवण्याची चैन कुणालाच परवडणारी नसते, म्हणून भेटीची जागा ठरलेली. थोरलीशी त्याचा संबंध एकदाच होत नाही, पुन्हापुन्हा होतो. पुढची बहीण वयात आली की तो तिच्याकडे वळतो. प्रत्येकीच्या थैलीत जास्तीत जास्त पस्तीसेक शुक्राणू जमतात. जन्मभराची तेवढीच शिदोरी.

वरोआ कोषाचं नेमकं काय खाते, हा प्रश्न बरीच वर्षं सुटला असं समजलं जात होतं. रक्त पिते, असं पाठ्यपुस्तकं सांगत. 2019 साली सॅम्युएल रॅम्झी या अमेरिकी संशोधकानं माश्यांच्या रक्ताला एक आणि चरबीला दुसरा चमकणारा रंग देऊन दाखवलं, की प्रौढ माशीवर बसलेली वरोआ मुख्यतः चरबीपेशी खाते. कीटकाची चरबी म्हणजे आपल्या पोटावरचा वळसा नव्हे, ते त्याचं यकृत, कोठार आणि दवाखाना एकत्र. मग 2024 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की झाकणाआड कोषावर मात्र ती प्रामुख्यानं रक्तच पिते. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. दाराबाहेर एक जेवण, दाराआड दुसरं.

बारावा दिवस. माशी झाकण कुरतडून डोकं बाहेर काढते. तिच्या अंगाला धरून आई आणि तयार झालेल्या मुली बाहेर पडतात. धाकटी अजून कच्ची, ती मागे राहते आणि सुकून मरते. भाऊही मरतो. सफाईच्या माशा येऊन दोघांना केरासारखं बाहेर टाकतात. आई थोडे दिवस माशीवर काढून पुन्हा एखाद्या घरात उतरते. काही माद्या मुळात अंडीच घालत नाहीत, काही लेकरं मधेच मरतात. ते सगळं वजा करता कामकरी माशीच्या घरातून एका आईमागे सरासरी दीडसुद्धा मुलगी बाहेर पडत नाही.

दीड ही काय मोठी वाढ, असं वाटेल. पण चक्रवाढ व्याज भरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पिलावा भरात असताना वरोआ साधारण महिन्याला दुप्पट होते. हंगामाच्या सुरुवातीला पन्नास असतील तर सहा महिन्यांत तीन हजारांच्या वर. तोपर्यंत वरून पाहिलं तर पेटी छान भरलेली दिसते, कारण माश्याही वाढत असतात. मग राणी अंडी कमी घालू लागते. घरं कमी, माइट मात्र तितकेच, एकेका घरात तीन-तीन आया. थंड देशांत पेट्या अचानक रिकाम्या होतात त्या याच काळात.

आणि नराचं घर? तिथे बंद काळ साडेचौदा दिवस, म्हणजे 348 तास. आपल्या हिशेबात धाकटी 299ला तयार होत होती, तिच्या पाठची 329ला. दोघी बसतात. प्रत्यक्षात सरासरी दोनाहून थोड्या जास्त मुली निघतात. दार उघडंही जास्त वेळ, बंदही जास्त दिवस. वरोआ कामकरी घरापेक्षा नराच्या घरात कित्येक पट अधिक सापडते, आठपटीच्या आसपास असं मोजमाप आहे, ते उगीच नाही. उलट टोक दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या माशीचं. तिच्या कामकरी माशीचं घर दहा दिवसांच्या आसपासच बंद असतं. 240 तास. तिथे थोरलीसुद्धा जेमतेम उंबरठ्यावर.

मूळची ही वरोआ आपल्या सातेरीच्या जातीवरची. सातेरी म्हणजे एपिस सेराना, आशियाभर पसरलेली, आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत आणि मातीच्या भिंतीत राहणारी, पेटीतही पाळली जाणारी. 1904 साली ऑडेमान्स या डच शास्त्रज्ञानं जावा बेटावरच्या याच माशीवरून आलेल्या माइटाचं पहिलं वर्णन केलं. सातेरीच्या पोळ्यात वरोआ अजूनही असते, आणि सातेरी तिच्यापायी मरत नाही. का, ते पुन्हा झाकणापाशीच येऊन थांबतं.

सातेरीच्या कामकरी घरात वरोआची पैदास होत नाही. सातेरी फार सोशिक असेल असा अंदाज कुणीही करेल. प्रकार उलटा आहे. सातेरीची कामकरी अळी वरोआचा चावा सोसतच नाही. ती लवकर आजारते, मरते, आणि सफाईच्या माशा झाकण उघडून तिला माइटासकट बाहेर काढतात. एक पिल्लू गेलं, संसार मांडू पाहणारी आई गेली, हिशेब संपला. एकेका अळीचं नाजूक असणं हे पोळ्याचं बळ ठरतं. युरोपी माशी, म्हणजे एपिस मेलिफेरा, हिची अळी दणकट. ती चावा सोसते, कोष होते, बारा दिवस वरोआचं कुटुंब पोसते, आणि अशक्त का होईना, माशी होऊन बाहेर येते. तिच्या या दणकटपणावरच वरोआ जगते.

राहिली सातेरीच्या नरांची घरं. तिथे वरोआ वाढते, पण सातेरी नर वाढवते ते हंगामापुरते. शिवाय सातेरीच्या नराच्या घराचं झाकण विलक्षण टणक. त्याच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखं एक भोक असतं, ज्यानं सातेरीची पेटी उघडली आहे त्यानं ते पाहिलेलं असतं. एका घरात अनेक आया शिरल्या आणि नर फार अशक्त झाला तर त्याच्यानं ते झाकण फुटत नाही. कामकरी माश्याही बाहेरून उघडत नाहीत. तो आतच मरतो, आणि त्याच्याबरोबर सगळं गोकुळ गाडलं जातं. वरोआनं बारा-चौदा दिवसांत दार उघडणार हे धरून हिशेब मांडलेला असतो, आणि दार उघडतच नाही.

म्हणजे हजारो वर्षं हे प्रकरण नराच्या घरांपुरतं, हंगामापुरतं मर्यादित होतं. ते माणसानं मोकळं केलं. मेलिफेरा मध जास्त देते म्हणून तिच्या पेट्या रेल्वेनं, जहाजानं पूर्वेकडे गेल्या, सातेरीच्या भावंडांशेजारी मांडल्या गेल्या, आणि विसाव्या शतकात वरोआनं उडी मारली. इथे तिला वर्षातून कितीतरी महिने, हजारो कामकरी घरं मिळाली, आणि कुणी हुसकावून लावेना. सगळ्या वरोआंना ही उडी साधली नव्हती. 2000 साली डेनिस अँडरसन आणि जॉन ट्रुमन यांनी दाखवलं, की मेलिफेराला पोखरणारी ही जात जावातल्या मूळ जातीहून निराळीच आहे. तिला त्यांनी नाव दिलं वरोआ डिस्ट्रक्टर. युरोपात ती 1970च्या दशकात पसरली, अमेरिकेत 1987 साली सापडली, न्यूझीलंडमध्ये 2000 साली. ऑस्ट्रेलियानं तिला सर्वांत जास्त काळ दाराबाहेर ठेवलं. जून 2022मध्ये ती न्यूकॅसल बंदराजवळच्या पेट्यांत दिसली, हजारो पेट्या नष्ट केल्या गेल्या, आणि सप्टेंबर 2023मध्ये समूळ उच्चाटनाचा नाद सोडावा लागला. आपल्या देशात मेलिफेरा 1962 साली नगरोटा बगवान इथे यशस्वीपणे रुजली. महाराष्ट्रातले सूर्यफूल, मोहरी, ओवा यांच्या मागे पेट्या घेऊन फिरणारे मधपाळ पाळतात ती हीच माशी.

वरोआच्या चाव्यातून माशीत विषाणू जातात हे एका परिच्छेदात आटोपतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. पंख वाकडे करणारा एक विषाणू माश्यांत पूर्वीपासून होता, क्वचित आणि निरुपद्रवी. वरोआनं त्याला सुई मिळवून दिली. हवाई बेटांवर ती पोचण्याआधी आणि नंतर अशी मोजणी झाली, तिच्यात या विषाणूची लागण दहा टक्क्यांवरून शंभरावर गेलेली दिसली. झाकण कुरतडून बाहेर आलेली माशी, आणि पाठीवर पंखांच्या जागी चुरगळलेल्या कागदाचे दोन बोळे. हे एकदा पाहिलं की पुढे दर फ्रेमवर नजर आपोआप तेच शोधू लागते.

माणसाचे उपायही शेवटी झाकणाशीच झुंजतात. मधपाळ अर्धी वाटी माशा, म्हणजे तीनशेक, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेतो, वर पिठीसाखर टाकतो आणि बरणी घोळवतो. मग पांढऱ्या कागदावर चाळतो. साखरेबरोबर माइट गळून पडतात, माशा पांढऱ्याफटक होऊन पेटीत परत जातात आणि बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. नऊ माइट पडले तर शंभर माशांमागे तीन. पण ही मोजणी फक्त बाहेरच्यांची. पिलावा भरात असताना निम्म्याहून कितीतरी जास्त वरोआ झाकणाआड असतात. ऑक्झॅलिक आम्लाचा उपचार बाहेरच्यांना मारतो, झाकणातून आत जात नाही. फॉर्मिक आम्लाची वाफ आत जाते, पण हवा तापलेली असेल तर माश्यांनाही सोसत नाही. म्हणून कुणी नरांच्या घरांची एक फ्रेम मुद्दाम देतात, वरोआ तिथे गोळा झाल्या आणि झाकणं पडली की ती फ्रेमच काढून नष्ट करतात. कुणी राणीला चोवीस दिवस पिंजऱ्यात ठेवतात. चोवीसच का? नर अंड्यापासून चोवीस दिवसांत बाहेर येतो. तेवढ्यात पोळ्यातलं शेवटचं झाकणही उघडतं, आणि लपायला घर उरत नाही.

हीच युक्ती आपल्या आग्या माशीकडे जन्मजात आहे. कड्यांच्या पोटाला, वडाच्या फांद्यांना, आता पाण्याच्या टाक्यांना आणि इमारतींच्या सज्ज्यांना लटकणारं आग्या मोहोळ. तिच्यावर वरोआ नव्हे, ट्रोपिलेलॅप्स नावाचा दुसरा माइट असतो, सडसडीत आणि फ्रेमवर धावताना नजरेला न ठरणारा. तोही बंद घरातच वाढतो, वरोआहून भराभर. पण त्याचं तोंड कोवळ्या पिलाव्यापुरतंच, प्रौढ माशीच्या अंगावर त्याचं पोट भरत नाही. पिलाव्यावाचून तो दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. आणि आग्या तर फुलोऱ्यामागे जाणारी. फुलोरा सरला की राणी अंडी थांबवते, शेवटची पिल्लं बाहेर पडतात, आणि एके दिवशी सगळी वस्ती मेणाचा रिकामा पडदा फांदीवर सोडून उठते. नव्या जागी पोळं बांधून, अंडी घालून, पहिली अळी झाकणाच्या वयाला येईपर्यंत दिवस जातात. वाटेत बहुतेक माइट उपाशी मरतात. मेलिफेराच्या पेटीत मात्र, उबदार प्रदेशात, पिलावा बारा महिने. तिथे हाच ट्रोपिलेलॅप्स वरोआलाही मागे टाकतो.

मेलिफेरा यातून काही शिकते का? स्वीडनच्या गोटलँड बेटावर 1999 साली दीडशे पेट्या मांडल्या आणि त्यांच्यावर कुठलाच उपचार केला नाही. जगल्या त्या जगल्या. प्रयोगाला नाव दिलं बाँड, जेम्स बाँडच्या एका सिनेमाच्या नावावरून. शास्त्रज्ञांना विनोद करण्याची हौस अशी मधूनच येते. बहुतेक पेट्या काही वर्षांत मेल्या. थोड्या उरल्या, आणि त्यांची प्रजा आजही बिनऔषधाची तग धरून आहे. उपचाराविना तगलेल्या अशा वस्त्यांत, गोटलँडला आणि इतरत्रही, एक सवय नेहमीपेक्षा जास्त दिसली. या माशा बंद घराचं झाकण मधेच उकरतात. आत बघतात की नुसतं हुंगतात, कोण जाणे. कोष जिवंत असतो, त्याला त्या हात लावत नाहीत. पुन्हा मेण लावून झाकण बंद करतात.

अशा घरातल्या वरोआची संतती पुरी होत नाही. वारा आत आल्यानं, ऊब हलल्यानं की भाऊ दचकून उकिरड्यापासून दूर गेल्यानं, ते तपशील बाजूला ठेवू. डागडुजी केलेलं झाकण ओळखायचं असेल तर ते उचलून आतल्या बाजूनं पाहावं. न उघडलेल्या झाकणाला आतून कोषाचं रेशीम सलग लागलेलं असतं, चकचकीत. उघडून मिटलेल्यात मधोमध रेशीम नसतं. तिथे नुसतं मेण दिसतं, मळकट, आणि त्यावर माशीच्या जबड्यांचे वळ.